कवेलूवाल्या फागूला मी पिचर केला

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या. कारण ही गोष्ट संपता संपता तुम्ही सगळे माझ्या नाकाकडे बघणार, आणि माझ्या नाकाकडे बघून कोणी हसलं की माझं डोकं फिरतं! गोंदियाच्या अख्ख्या बाजारात माझ्याएवढा गाढवपणा केलेला दुसरा माणूस दाखवा, आजचा चहा माझ्याकडून.

नाही ना सापडत? मग ऐका.

मॅट्रिकच्या वर्गातून मी उठून आलो, हे तुम्हाला ठाऊक आहे. नापास नाही झालो, उठून आलो! फरक आहे. हेडमास्तरनं फळ्यावरचं गणित चुकवलं. मी चूक दाखवली. त्यानं छडी उचलली. मी म्हटलं, "मारा, पण आधी गणित दुरुस्त करा." आणि दप्तर बाकावर टाकून जो निघालो तो थेट घरी.

घरी बाबा काय म्हणाले असतील? "चूक असली तरी ते मोठे आहेत."

हे आपले वडीलधारे! मोठ्या माणसानं सात आणि पाच तेरा केले तर आपणही तेरा म्हणायचे, आणि वरून पाया पडायचं! यांच्या पांढऱ्या केसांत अक्कल असती तर कापून तिचं तेल काढलं असतं.

वर्षभर हिंडलो. कामाला गेलं की पहिला सवाल, "मॅट्रिक?" राइस मिलमध्ये मॅट्रिक. मालधक्क्यावर मॅट्रिक. अहो, तांदळाचं पोतं मोजायला कोणतं व्याकरण लागतं? तो शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा यायचा.

तेवढ्यात मिलर साहेब आला.

तिरोड्याच्या रस्त्यावर सरकारी शेती-शाळा निघाली होती. तिथं आमच्या लोकांना धान कसं लावायचं ते शिकवायला थेट अमेरिकेहून माणूस आणला! ज्यांच्या सात पिढ्या गुडघाभर चिखलात गेल्या त्यांना! पण साहेब मोठा दिलदार. दिवसा धान शिकवायचा आणि संध्याकाळी पोरांना बेसबॉल खेळवायचा.

बेसबॉल म्हणजे काय, तर क्रिकेटचा दूरचा, थोडा सटकलेला भाऊ. एकजण चेंडू फेकतो, तो पिचर. समोरचा दांडका घेऊन उभा. त्याच्या मागे एकजण मोठा हातमोजा घालून उकिडवा बसतो, तो झेलणारा. नीट टाकलेले तीन चेंडू हुकले की दांडकेवाला बाद. पण पिचरनं चार चेंडू वाकडे टाकले तर दांडकेवाला फुकटात एक मुक्काम पुढे. असे तीन मुक्काम फिरून परत घरी आला की एक धाव. संपला बेसबॉल.

साहेबानं जाहीर केलं, शेती-शाळेची पोरं विरुद्ध गोंदियाची पोरं, रेल्वेच्या मैदानावर सामना. आणि गोंदियाचा पिचर जो कोणी घडवेल आणि जिंकून दाखवेल, त्याला शेती-शाळेत खेळाच्या मास्तरची नोकरी!

मी सायकल मारत गेलो. घाम पुसायच्या आधी विचारलं, "साहेब, मॅट्रिक लगता है?"

साहेब म्हणाला, "मॅट्रिक? वो क्या है? हमको कागज नहीं मांगता. हमको पिचर मांगता!"

अहो, मला त्या माणसाला तिथंच मिठी मारावीशी वाटली! देशात स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली, पण माझं स्वराज्य त्या दिवशी आलं. साहेबानं एक चेंडू दिला आणि पिचर कसा घडवावा याचं एक इंग्रजी पुस्तक दिलं.

घरी येऊन छाती काढून सांगितलं. बाबा पान चघळत म्हणाले, "आणि हरलास तर?"

"हरलो तर जूनमध्ये परत शाळेत जाईन!"

"त्याच शाळेत. त्याच हेडमास्तरपुढे. पहिल्या बाकावर."

"पहिल्या बाकावर!"

झालं. एकीकडे नोकरी, दुसरीकडे तो पहिला बाक. मधे मी. आणि हातात पिचर नाही!

पिचर सापडला माझ्याच अंगणात. वैशाखात आमच्या घरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचं काम चाललं होतं. पावसाआधी छपरावरचे फुटके कवेलू काढून नवे बसवायचे. छपरावर चार माणसं, खाली एक. वरचा माणूस हात पुढे करून ओरडतो, "दे!" की खालच्यानं कवेलू वर फेकायचा. खाली होता नागरा गावचा फागू. वीस वर्षांचा, काळा, लांब हातांचा, बोलायला आळशी. छपराच्या चार कोपऱ्यांतून चार जण "दे! दे!" करत होते आणि फागू मान वळवून न वळवून ज्याची हाक त्याच्या पंजात कवेलू ठेवत होता. फेकत नव्हता हो, ठेवत होता! सकाळपासून एक कवेलू फुटला नाही!

मी खाटेवरून ताडकन उठलो. "फागू, बेसबॉल खेळशील?"

"कायले?"

"नाव होईल तुझं!"

"नाव आहे ना भाऊ. फागू."

"अरे, चेंडू फेकायचा आहे फक्त."

"फुटते का थो?"

"नाही फुटत."

"मंग त्याले का नेम लागते?" असं म्हणून फागू हसला. मी म्हटलं, हाच माझा माणूस!

छपरावर फागूचा मोठा बा, म्हणजे बापाचा मोठा भाऊ, बसला होता. दसरू बुढा. सत्तरीला टेकलेला, अंगठा लावणारा, पण वानरासारखा छपरावर फिरणारा. तो वरूनच म्हणाला, "बाबू, पोरगा फेकन. पन हाक कोन देईन?"

"कसली हाक?"

"हाकेबिगर थो फेकत नाही. बेसावध मानसाच्या डोक्यावर कवेलू पडला तं? ज्याची हाक, त्याच्या हातात."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "बुढा, तू तुझे कवेलू सांभाळ. हा अमेरिकेचा खेळ आहे!"

आता तुम्ही एकमेकांकडे बघून राहिले ना? बघा, बघा. पुढे ऐका.

तालीम सुरू. पुस्तकात लिहिलं होतं, पिचर दोन जागी घडतो, खांद्यात आणि डोक्यात. खांद्यासाठी पहाटे तलावाच्या पाळीवरून पळवलं, जोर काढायला लावले, भिजवलेले चणे चारले. मग मला सुचलं, खांद्याला मुसळासारखा व्यायाम नाही. फागूला आमच्या उखळीला जुंपला. आई एवढी खूश की विचारू नका!

"अरे, असे अजून दोन पिचर मिळतील का? वर्षाचे पोहे होऊन जातील."

वीस दिवसांत फागूच्या खांद्यात असा जोर आला की चेंडू हातातून सुटताना फडफड आवाज व्हायचा. माझ्या अंगावर रोमांच! रात्री झोपेतही मी हात फिरवायचो.

राहिलं डोकं. पुस्तक म्हणत होतं, पिचरच्या आत आग पाहिजे. फागूच्या आत माठातलं पाणी! त्याला चिडवून पाहिलं.

"फागू, तू बैल आहेस!"

"बैल चांगलाच राहते भाऊ. जोडी कोनाची पाहिजे तुमाले?"

असल्या माणसाला आग कशी लावायची? मग मी माझ्याच आगीतली थोडी उसनी दिली. आईचं जुनं सूप घेतलं आणि कोळशानं त्याच्यावर हेडमास्तरचं थोबाड काढलं. चष्मा, मिशा, आणि मधे हे एवढं नाक! सूप मोहाच्या झाडाला बांधलं आणि मी खोडामागे उभा राहून ओरडलो, "दे!"

चेंडू फांदीवरून गेला, झाडापलीकडे उतरला आणि अलगद माझ्या हातात आला.

"अरे, हातात काऊन दिला?"

"तुमी हाक देली ना जी."

"हात विसर! मी 'दे' म्हटलं की नाक. फक्त नाक! पूर्ण ताकदीनं!"

फागूनं जरा विचार केला. "तुमच्या हाकेले नाक?"

"हो! माझ्या हाकेला नाक!"

"बरं."

हे संभाषण लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

त्या दिवसापासून मी झाडामागून "दे!" म्हणायचो आणि हेडमास्तरच्या नाकावर फाड्! दहातले दहा! तीन सुपं फुटली. आई ओरडली, मी आईलाही म्हटलं, "तुला खेळातलं काय कळतं?" डोक्यात नुसती नोकरी नाचत होती. खेळाचा मास्तर! पांढरी पँट! गळ्यात शिट्टी! आणि हेडमास्तर रस्त्यात भेटला तर मी आधी नमस्कार करणार नाही, हेसुद्धा ठरलं होतं.

सामन्याचा दिवस उजाडला. काय गर्दी! मिलची माणसं, मालधक्क्याची माणसं, बिडीच्या कारखान्यातल्या बाया, कडुलिंबाच्या झाडावर पोरं, साइडिंगला उभ्या मालगाडीच्या टपावर माणसं. शेंगदाणेवाला तराजू घेऊन दोरीपाशी. बाबासुद्धा आले होते, मला हरताना बघायला.

आणि पंच कोण? हेडमास्तर! गावात कुठंही मान द्यायचा झाला की तो त्यालाच. रात्रभर बसून त्यानं नियम पाठ केले होते म्हणे. एका हातात छत्री, झेलणाऱ्याच्या मागे दोन पावलांवर उभा. मला बघितल्याबरोबर त्यानं एक नियम जाहीर केला, "शिकवणाऱ्यानं दोरीबाहेर बसावं आणि तोंड बंद ठेवावं." हा नियम बेसबॉलचा नाही बरं का! हा खास माझ्यासाठी घडवलेला!

ऊन मरणाचं, म्हणून साहेबानं एकेकच डाव ठेवला. तीन गडी बाद की डाव संपला. आमची पोरं आधी खेळली. रेल्वेच्या फायरमननं दोन चेंडू असे टोलवले की एक मालगाडीखालून काढावा लागला. तीन धावा! मी दोरीबाहेर नाचून राहिलो होतो. तीन धावा म्हणजे काय? माझ्या पिचरपुढे ते एकसुद्धा करणार नव्हते!

फागू मधोमध जाऊन उभा राहिला. समोर दांडकेवाला. मागे आमचा झेलणारा अप्पा उकिडवा, तोंड मिटून. सगळं मैदान चिडीचूप.

फागू उभाच.

एक मिनिट गेलं. फागू उभाच. अप्पानं मोजा दाखवला. फागूनं मान हलवली आणि उभाच.

हेडमास्तरचा पेशन्स संपला. छत्री नसलेला हात उंचावून तो ओरडला, "अरे दे ना! मुहूर्त बघतोस का?"

सूंऽऽ! चेंडू दांडकेवाल्याच्या डोक्यावरून, अप्पाच्या डोक्यावरून गेला आणि हेडमास्तरच्या उंचावलेल्या पंजात जाऊन बसला. प्रसादाचा लाडू ठेवावा तसा!

पब्लिक चाट पडलं. मग जो टाळ्यांचा कडकडाट! हेडमास्तर चेंडूकडे बघून राहिला, आणि हसला! अहो, इतक्या वर्षांत मी त्याचा दात पाहिला नव्हता, त्या दिवशी बत्तीसही पाहिले. "चेंडू वाकडा!" तो लाजत लाजत म्हणाला.

झालं! पब्लिकला खेळ कळला.

"ए भैया, इधर दे!" शेंगदाणेवाला. चेंडू तराजूच्या पारड्यात.

"दे रे, इकडे दे!" कडुलिंबावरचं पोरगं. चेंडू पोराच्या ओंजळीत.

"अबे, अपने को भी दे!" मालगाडीच्या टपावरचा हमाल. चेंडू टपावर!

चार चेंडू वाकडे, पहिला फुकटात पुढे. आणखी चार, दुसरा पुढे. पब्लिक पागल झालं होतं! प्रत्येकाला फागूचा एक चेंडू पाहिजे होता, आणि फागू कोणालाच नाही म्हणत नव्हता. माझा सख्खा बाप दोरीवरून वाकून ओरडला, "फागू, मलाबी दे रे!" चेंडू झेलला आणि लहान पोरासारख्या उड्या मारल्या! माझी नोकरी बुडवून उड्या!

पाच गडी फुकटात गेले. दोन धावा त्यांच्या झाल्या. तिन्ही मुक्कामांवर माणसं उभी. आणखी एक फुकटात गेला की बरोबरी, त्यानंतर हार, आणि त्यानंतर पहिला बाक. मला तो बाक डोळ्यांपुढे दिसून राहिला होता, शाईच्या डागासकट!

दसरू बुढा सरकत सरकत माझ्याजवळ आला. "बाबू, मी म्हनलं होतं ना? हाक कोन देईन?"

"तू गप बस!"

"त्या बसलेल्याले सांग, हाक दे म्हना."

"मला शिकवू नको!" मी म्हणालो, आणि दोरीवरून उडी मारून थेट मैदानात. "फागू! गाढवा! पब्लिककडे नको देऊ! त्या झेलणाऱ्याकडे दे!"

तोंड 'दे'वर अजून उघडंच होतं.

फागूचा चेहरा उजळला. सकाळपासून पहिल्यांदा ओळखीची हाक आली होती. त्यानं पाय उचलला, अगदी मी शिकवला तसा. खांदा मागे नेला, वर्षभराचे पोहे कांडलेला तो खांदा! आणि...

फाड्!

जगातल्या सगळ्यांना हातात. मला नाकावर! पूर्ण ताकदीनं! आडवा होता होता मला एक गोष्ट लख्ख कळली, की मी पिचर खरंच चांगला घडवला होता.

डोळे उघडले तर फागू वाकून बघत होता. चेहऱ्यावर शाबासकीची वाट.

"बसली ना जी बरोबर?"

मी उठून बसलो. नाकातून रक्ताची धार. शेजारी दसरू बुढा उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि धोतर खोचलं. अप्पाच्या हातातला मोजा काढून स्वतःच्या हातात घातला. हेडमास्तर म्हणाला, "आजोबा, लागेल!" बुढा म्हणाला, "पन्नास वरसं छपरावर बसून कवेलू झेलले जी. हे तं फुटतबी नाही."

साहेबानं मान हलवली. बुढा उकिडवा बसला, मोजा पुढे केला.

"दे!"

काय सांगू! विजेसारखा चेंडू! दांडकेवाल्यानं दांडका फिरवला तेव्हा चेंडू मोज्यात बसून विसावा घेत होता. "दे!" फटाक्! "दे!" फटाक्! पहिला बाद! आता कोणी हाक देईना, साऱ्यांना कळलं होतं की ही हाक फक्त बुढ्याची. दुसरा बाद! मी नाक दाबून उभा राहिलो, रक्त बोटांतून गळतंय, भान कोणाला? तिसऱ्यानं दांडका असा गरगर फिरवला की स्वतःच भोवऱ्यासारखा फिरून खाली बसला. बाद! नऊ चेंडू, तीन गडी! तीन विरुद्ध दोन! जिंकलो!

टोप्या उडाल्या, छत्र्या उडाल्या. मालगाडीच्या इंजिनानं शिट्टी दिली. मी नाकात चिंधी कोंबली, केस सारखे केले आणि साहेबासमोर ताठ उभा राहिलो. जिंकलो म्हणजे नोकरी माझीच ना?

साहेबानं फागूच्या पाठीवर थाप मारली. "तुमको किसने सिखाया?"

फागूनं माझ्याकडे पाहिलं. बुढ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं त्याला येत नाही, तेवढं मी शिकवायचं विसरलो होतो.

"मोठ्या बानं जी. लहानपनापासून थेच हाक देते." मग माझ्याकडे बोट. "ह्या भाऊनं पोहे कांडाले शिकवले."

साहेब वळला आणि त्यानं दसरू बुढ्याचा हात हातात घेतला. "वेरी गुड! कल से शेती-शाळा में आओ. खेल का मास्टर!"

माझं डोकंच फिरलं. चिंधी नाकातून काढून मी किंचाळलो, "साहेब! वो तो अंगूठाछाप है! वो... वो मॅट्रिक भी नहीं है!"



साहेब माझ्याकडे बघून राहिला. बाबा बघून राहिले. हेडमास्तरनं छत्री मिटली. आणि मला माझाच आवाज कानात ऐकू आला, मिलच्या मुनीमासारखा, मालधक्क्याच्या बाबूसारखा.

साहेब हळूच म्हणाला, "हमको कागज नहीं मांगता."

दसरू बुढा आता खेळाचा मास्तर आहे. गळ्यात शिट्टी आहे, वाजवत नाही, हाक देतो. फागू तिथंच पोरांना फेकायला शिकवतो. आणि मी जून महिन्यात पहिल्या बाकावर बसलो. जिंकूनसुद्धा! बाबा म्हणाले, जिंकला तो बुढा, तू नाही.

पहिल्याच दिवशी हेडमास्तरनं फळ्यावर गणित घातलं. चुकलं. तेच, तिथंच चुकलं! मी बोट वर केलं. तो वळला. हातात हा एवढा खडू. "काय?"

मी डाव्या हातानं आधी नाक झाकलं, आणि मग म्हटलं, "गणित चुकलं आहे, सर."